मोकळा स्लॉट: लहान डबा की मोठा डबा, या भांडणाचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे दोन-तीनदा सांगितलं गेलं ते गाळलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांनी विचारलेला. पहिला डेस्कटॉप घ्यायचाय, पार्ट आणून असेंबल करायचाय, तर छोटासा टेबलावर मावणारा डबा घ्यावा की ते मोठं, टेबलाखाली ठेवायचं कॅबिनेट? आपल्याकडे त्या कॅबिनेटलाच सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू आत असतो आणि तळहातावर मावतो. मग बाकीचा एवढा मोठा डबा कशासाठी? आत काय असतं? खरं सांगायचं तर आज त्यात बरीचशी हवा असते. पण ती हवा फुकट नाही आणि कायम हवाच होती असंही नाही.

मी आज थेट ‘हे घ्या, ते घेऊ नका’ असं सांगणार नाही. तसे व्हिडिओ पुष्कळ आहेत आणि सहा महिन्यांत ते जुने होतात. मला या भांडणाचा इतिहास सांगायचाय, कारण हे भांडण १९७७ पासून चालू आहे. ते कशावरून झालं, कोण कधी जिंकलं, हे कळलं की तुमचा निर्णय तुम्हालाच सोपा होईल.

दोन की आठ?

१९७७ साल. कॅलिफोर्नियात दोन स्टीव्ह, जॉब्ज आणि वॉझनियाक, ‘ॲपल टू’ बनवत होते. मशीन वॉझनियाकनं डिझाइन केलं होतं आणि त्यात त्याला आठ स्लॉट हवे होते. स्लॉट म्हणजे मदरबोर्डवरची ती लांबट खाच, जिच्यात वेगळं कार्ड खोचता येतं. जॉब्जचं म्हणणं होतं, दोन पुरेत. एक प्रिंटरला, एक मोडेमला. सामान्य माणसाला आणखी काय लागणार? वॉझनियाक ऐकेना. दोनच स्लॉट हवे असतील तर दुसरं मशीन शोधा, अशा अर्थाचं त्यानं सुनावलं. मशीन आठ स्लॉट घेऊनच बाजारात आलं.

पुढे काय झालं बघा. १९७८ मध्ये फ्लॉपी ड्राइव्ह आला, तो एका कार्डावरून जोडला गेला. १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक कार्ड काढलं, ज्यावर चक्क दुसरा प्रोसेसर होता, झेड-८०. ते कार्ड खोचलं की ॲपलच्या मशीनवर ‘सीपी/एम’ची सॉफ्टवेअर चालायची. मशीन बाजारात आलं तेव्हा यातलं काहीही नव्हतं. कार्ड नंतर जन्माला आली, जागा आधीपासून होती.

जॉब्जनं हार मानली नव्हती. १९८४ चा पहिला मॅकिंटॉश बघा. लहान, देखणा, उचलून नेता येईल असा, आणि स्लॉट शून्य. उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागायचा. म्हणजे वापरणाऱ्यानं आत बघूच नये, असा सगळा बेत. १९८५ मध्ये जॉब्ज कंपनीतून बाहेर पडला आणि १९८७ मध्ये ॲपलनं ‘मॅकिंटॉश टू’ काढला. सहा स्लॉटचा. त्याच वेळी आलेल्या छोट्या ‘मॅकिंटॉश एसई’लाही एक स्लॉट दिला. एकाच कंपनीत दहा वर्षांत आठ, शून्य आणि सहा. लहान की मोठा याचं उत्तर या लोकांनाही एकदा ठरवून सापडलेलं नव्हतं, म्हणून तुमचा गोंधळ होत असेल तर वाईट वाटून घेऊ नका.

खाचेतून आलेली देवनागरी

आता दुसरी बाजू, आयबीएम. १२ ऑगस्ट १९८१ ला त्यांचा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ आला. आत पाच स्लॉट. आज पाच म्हटलं की भरपूर वाटतात, पण त्या मशीनवर स्क्रीन दिसायलाही कार्ड लागायचं. फ्लॉपीला वेगळं कार्ड. मेमरी वाढवायची तर आणखी एक. पाच जागा बघता बघता भरायच्या. म्हणून १९८३ च्या ‘एक्सटी’ मॉडेलमध्ये त्यांनी आठ स्लॉट दिले. डबा जवळपास तेवढाच, फक्त दोन स्लॉटमधलं अंतर एक इंचावरून सुमारे ०.८ इंचावर आणलं.

हे ०.८ इंच लक्षात ठेवा. पुढे परत लागणार आहे.

आयबीएमनं आणखी एक गोष्ट केली. मशीनची तांत्रिक पुस्तिका विकायला ठेवली, सर्किटच्या आराखड्यांसकट. त्यामुळे कुठलाही बाहेरचा माणूस त्या स्लॉटसाठी कार्ड बनवू शकत होता. आणि बाहेरच्या माणसांनी काय बनवलं, याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे हर्क्युलिस कार्ड. १९८२ ची गोष्ट. व्हॅन सुवन्नुकुल नावाच्या माणसाला आपला पीएचडीचा प्रबंध आयबीएम पीसीवर थाई लिपीत करायचा होता. आयबीएमच्या एका स्क्रीन-कार्डावर अक्षरं सुबक दिसायची, पण फक्त ठरावीक इंग्रजी साच्यातली. दुसऱ्यावर चित्रं काढता यायची, पण ओबडधोबड. थाई कशातच धड दिसेना. मग त्यानं स्वतःचं कार्ड बनवलं. ते जगभर विकलं गेलं आणि वर्षानुवर्षं काळ्या-पांढऱ्या मॉनिटरचं ठरलेलं कार्ड होऊन बसलं.

एका माणसाला आपली लिपी स्क्रीनवर बघायची होती, म्हणून. हे ऐकून आपल्याला ओळखीचं वाटायला हवं, कारण आपलीही गोष्ट हीच आहे आणि ती पुण्यात घडलीय.

कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी एक तंत्र तयार होत होतं, नाव ‘जिस्ट’. मोहन तांबे हे त्यामागचं महत्त्वाचं नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिकडे आलं. त्यातून तयार झालं ‘जिस्ट कार्ड’. पीसीच्या मोकळ्या स्लॉटमध्ये ते बसवायचं. तेव्हाचं डॉस हे फक्त रोमन अक्षरं ओळखणारं. पण हे कार्ड मधे बसून अक्षरं दाखवायचं काम स्वतःकडे घ्यायचं. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या साध्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी टाइप करता यायची, स्क्रीनवर वाचता यायची. आज तुम्ही फोनवर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावता ना, त्याचंही मूळ याच घराण्यात आहे. भारतीय लिप्यांचं ‘इस्की’ हे मानक १९९१ चं, तेही याच कामाच्या वाटेवरचं.

विचार करा, त्या काळात पीसी जर बंद डबा असता, एकही मोकळी खाच नसलेला, तर? अमेरिकेतली एखादी कंपनी मराठीची दखल घेईपर्यंत वाट बघत बसावं लागलं असतं. मोकळा स्लॉट म्हणजे काय, तर बनवणाऱ्याला जे सुचलं नाही ते वापरणाऱ्याला करता येणं. मोठ्या डब्याची मूळ किंमत ही आहे.

आजचं मोठं कॅबिनेट आलं कुठून?

१९८४ मध्ये आयबीएमनं ‘एटी’ काढला. बोर्ड प्रचंड मोठा. बाकीच्यांनी तो आखडून ‘बेबी एटी’ केला आणि नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये जे असेंबल्ड पीसी मिळायचे त्यांतले बरेचसे याच साच्याचे. ज्यांच्या काकांनी, मामांनी तेव्हा पीसी जोडलेत, त्यांना विचारा. एसएमपीएसकडून दोन वेगवेगळे कनेक्टर यायचे, शेजारी शेजारी खोचायचे. उलटे लावले तर बोर्ड जळायचा. म्हणून सगळे एक मंत्र पाठ करायचे: काळ्या तारा मधे. पुढचं बटणही साधं नव्हतं, थेट घरातल्या विजेची तार त्या बटणापर्यंत आलेली असायची.

१९९५ मध्ये इंटेलनं हे सगळं पुसून नवा साचा आणला, ‘एटीएक्स’. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर. सीपीयू कार्डांच्या वाटेतून बाजूला सरकवला, कारण आधी लांब कार्ड लावलं की ते सीपीयूच्या पंख्यावर आदळायचं. माउस, कीबोर्ड, प्रिंटर यांची तोंडं मागे एका चौकटीत आणली. दोन कनेक्टरच्या जागी एकच, उलटा न बसणारा. बटण दाबलं की बोर्ड एसएमपीएसला सांगणार, ‘चालू हो’. विंडोजमधून शटडाउन केल्यावर पीसी आपोआप बंद होतो, ती सोय यातून आली.

आज तुम्ही दुकानात जाऊन मोठं कॅबिनेट मागता, ते हेच. तीस वर्षांत स्क्रूची भोकं हललेली नाहीत. २००० सालच्या कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड कसला जाऊ शकतो. ज्या धंद्यात चार्जरची पिनसुद्धा दर थोड्या वर्षांनी बदलते, तिथे हे नवलच आहे.

लहान डब्याचे पराभव

लहान डबा मग हरला का? अनेकदा हरला आणि प्रत्येक वेळी कारण जवळपास तेच होतं.

पहिला पराभव बुटक्या ऑफिस पीसींचा. १९८७ च्या सुमाराला ‘एलपीएक्स’ नावाचा साचा आला. बोर्डावर एक उभी पट्टी आणि तिच्यात कार्ड आडवी. डबा छान चपटा व्हायचा. पण प्रत्येक कंपनीनं ती पट्टी आपल्या सोयीनं वेगळ्या जागी ठेवली. एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या डब्यात बसेना. बोर्ड गेला की अख्खा डबा भंगारात.

दुसरा, ॲपलचा क्यूब. जॉब्ज परत आला होता, लहान डब्याचं वेडही परत आलं. जुलै २०००, साधारण आठ इंचांचा चौकोनी ठोकळा, पारदर्शक कवचात टांगलेला, आत पंखा नाही. किंमत १७९९ डॉलर. त्याच वेळी जास्त जागा आणि जास्त स्लॉट असलेला ॲपलचाच टॉवर १५९९ पासून मिळत होता. लोकांनी साधा हिशोब केला. वर्षभरात क्यूबचं उत्पादन थांबलं. आज तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

तिसरा पराभव उलट्या दिशेचा, म्हणून जास्त शिकवणारा. २००४ मध्ये पेंटियम-४ इतका तापायला लागला की सव्वाशे वॅटच्या जवळ पोचला. इंटेलनं ठरवलं, डब्याची रचनाच बदलू. पुढून हवा घ्यायची, सरळ सीपीयूवरून न्यायची, मागून काढायची. नाव ‘बीटीएक्स’. कल्पना चांगली होती. पण जुने बोर्ड, जुनी कॅबिनेट यांच्याशी जमेना आणि एएमडीच्या प्रोसेसरना ती मांडणी गैरसोयीची. इतक्यात २००६ मध्ये इंटेलचाच ‘कोअर टू ड्युओ’ आला, ६५ वॅटचा. तापच उतरला, औषध कोण घेणार? त्याच वर्षी बीटीएक्स गुंडाळलं गेलं.

चौथा, २०१३ चा मॅक प्रो. दहा इंच उंचीचा काळा दंडगोल, मधे एक त्रिकोणी धातूचा गाभा, वर एकच पंखा. त्रिकोणाच्या एका बाजूला सीपीयू, दोन बाजूंना दोन ग्राफिक्स चिप. तीन बाजूंनी उष्णता सारखी येईल असं गृहीत धरलेलं. पण जगानं दोन मध्यम चिपऐवजी एक भलीमोठी चिप निवडली. ती या गाभ्यावर बसेना. एप्रिल २०१७ मध्ये ॲपलच्या क्रेग फेडरिगी यांनी पत्रकारांसमोर कबूल केलं की उष्णतेच्या बाबतीत आम्ही स्वतःलाच कोपऱ्यात अडकवून घेतलं. २०१९ चा मॅक प्रो पुन्हा टॉवर झाला, स्लॉटसकट.

चारही ठिकाणी बनवणाऱ्यानं ‘पुढे काय लागेल’ याचा अंदाज डब्यात पक्का करून टाकला. अंदाज चुकला की दुरुस्तीला जागा नव्हती.

मग जिंकलं कोण?

जिंकलं तैवानचं १७ सेंटिमीटर. नोव्हेंबर २००१ मध्ये तैवानच्या ‘व्हिया’ या कंपनीनं ‘मिनी-आयटीएक्स’ आणलं. बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटर. व्हियाकडे कमी वीज खाणारे, तसे संथच प्रोसेसर होते, ते विकायचे होते. हौशी लोकांनी ते बोर्ड खेळण्यांत, जुन्या रेडिओत, टोस्टरमध्ये बसवले. त्याच सुमाराला तैवानच्याच ‘शटल’नं बुटाच्या खोक्याएवढे पीसी आणले. ते गाजले, पण त्यांच्या पुढच्या अनेक मॉडेलमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस त्या डब्यापुरतेच होते. ते मागे पडले आणि मिनी-आयटीएक्स टिकलं.

का टिकलं? कारण व्हियानं एक नम्रपणाची गोष्ट केली. बोर्डची चार भोकं एटीएक्सच्या चार भोकांवर जुळतील अशीच ठेवली. मागची चौकट तीच. एकुलता एक स्लॉटही जागच्या जागी. म्हणजे हा चिमुकला बोर्ड तुम्ही मोठ्यात मोठ्या कॅबिनेटमध्येही कसू शकता. लहान डबा बिघडला, तर बोर्ड काढून मोठ्यात लावा. मोठ्यांशी भांडून वेगळं घर करण्यापेक्षा त्याच वाड्यात त्यानं एक खोली घेतली.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. तुमच्यापुढचा खरा प्रश्न ‘लहान की मोठा’ हा नाहीच. प्रश्न आहे, ‘यातला प्रत्येक भाग उद्या दुसऱ्या कुणाचा आणून बसवता येईल का?’

स्लॉट गेले, हवा उरली

मधल्या काळात आणखी एक बदल झाला, हळूच. आवाजासाठी कार्ड लागायचं, ते बोर्डावरच आलं. नेटवर्कचं कार्ड, तेही बोर्डावर. साधी ग्राफिक्स सीपीयूमध्येच विरघळली. जिस्ट कार्डाचं काम युनिकोड आणि सॉफ्टवेअरनं घेतलं. हार्ड डिस्कच्या जागी च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी आली, थेट बोर्डवर बसणारी. डीव्हीडी गेली. आठ स्लॉटची गरज उतरत उतरत बहुतेकांसाठी एकावर आली. आणि एक तर मिनी-आयटीएक्सला आहेच!

मग गोष्ट संपायला हवी होती. पण त्या एका स्लॉटमध्ये जे बसतं, ते ग्राफिक्स कार्ड, उलट वाढत गेलं. २०२२ मध्ये एनव्हिडियानं काढलेलं आरटीएक्स ४०९० हे कार्ड ३०४ मिलिमीटर लांब. ज्या बोर्डवर ते बसणार तो १७० मिलिमीटरचा. जाडी ६१ मिलिमीटर. आता ते ०.८ इंच आठवा, म्हणजे २०.३२ मिलिमीटर. गुणिले तीन. बरोब्बर तीन स्लॉटची जागा! चाळीस वर्षांपूर्वीची स्लॉटची मापं अजून कार्डाची जाडी ठरवतात. आणि वीज? ४५० वॅट. १९८१ च्या आयबीएम पीसीचा एसएमपीएस होता ६३.५ वॅटचा. तसे सात पीसी एकत्र केले तरी या एका कार्डाला पुरणार नाहीत.

म्हणून म्हणतो, पूर्वी मोठा डबा म्हणजे स्लॉट, आज मोठा डबा म्हणजे हवा. उष्णता बाहेर काढायला लागणारी हवा.

हौशी लोकांनी यावरही उपाय काढला. २०१३ च्या सुमाराला ‘एनकेस एम-१’ हा साडेबारा लिटरच्या आसपासचा डबा हौशी मंडळींनी लोकवर्गणीतून बनवला. पुढे ‘डॅन ए-४’ आला, सव्वासात लिटरचा. त्यात कार्ड बोर्डच्या पाठीला पाठ लावून बसवलंय, मधे एक लवचिक पट्टीसारखी केबल. अशा डब्यांत छोटा ‘एसएफएक्स’ एसएमपीएस लागतो, नेहमीच्या एसएमपीएसच्या निम्म्याहून कमी जागा घेणारा. बघा, हे सगळे भाग ठरलेल्या मापांचे आहेत. उद्या दुसऱ्या कंपनीचा आणून बसेल.

याच्याही पुढचं टोक म्हणजे ‘एनयूसी’, दहा सेंटिमीटरचा चौरस, जो इंटेल २०१३ च्या सुमारापासून २०२३ पर्यंत बनवत होतं. आणि ॲपलचा मॅक मिनी, २००५ मध्ये साडेसहा इंचांचा होता, २०२४ मध्ये पाच इंचांचा झाला. वेग जबरदस्त, वीज कमी. पण ॲपलच्या या मशीनमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. विकत घेण्याच्या दिवशी जेवढी घेतली तेवढीच, शेवटपर्यंत.

तरी दुसरा स्लॉट कशाला?

कुणी म्हणेल, आता सगळं बोर्डवर आलंय, मोकळ्या जागेची गोष्ट जुनी झाली. तर २०१२ ची एक गोष्ट ऐका. टोरोंटो विद्यापीठात अलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्सकेव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी ‘अलेक्सनेट’ नावाचं न्यूरल नेटवर्क बनवलं. फोटोतली वस्तू ओळखण्याच्या स्पर्धेत त्यानं बाकीच्यांना मोठ्या फरकानं मागे टाकलं. आज तुम्ही फोनवर ज्याला एआय म्हणता त्याची लाट तिथून उसळली. हे शिकवण्यासाठी यंत्र कुठलं होतं? गेम खेळण्यासाठी बनलेली दोन जीटीएक्स ५८० कार्ड. प्रत्येकी ३ जीबी मेमरी. एका कार्डात ते नेटवर्क मावत नव्हतं म्हणून दोन कार्डांत वाटलं. पाच ते सहा दिवस चालवलं.

दोन कार्ड म्हणजे दोन मोठे स्लॉट. लहान डब्यात ते झालं नसतं. वॉझनियाकचे आठ, सुवन्नुकुलची थाई, तांब्यांची देवनागरी आणि ही दोन गेमिंग कार्ड, एकाच माळेतले मणी आहेत. नवीन गोष्ट आधी कुठल्या तरी मोकळ्या खाचेतून येते आणि मग बोर्डवर विरघळते.

तर मग तुम्ही काय घ्यायचं?

आता तुमच्या खोलीत येऊ. बहुतेक घरांत पहिल्या पीसीचे पैसे आईवडील देतात किंवा पहिल्या नोकरीच्या पगारातून साठवलेले असतात. चूक झाली तर दुसरा लगेच येत नाही. म्हणून स्वतःला चार गोष्टी विचारा.

एक, तुमच्या खोलीत मे महिन्यात किती तापमान असतं? हे कुठल्याही परदेशी व्हिडिओत नसतं. तिकडचा माणूस २२ अंशांच्या खोलीत चाचणी घेऊन सांगतो, ‘या छोट्या डब्यात चिप ७५ अंशांवर राहते, झकास!’ चिपचं तापमान हे खोलीच्या वर मोजायचं असतं. तुमची खोली नागपुरात, चंद्रपुरात ४२ ला असेल आणि एसी नसेल, तर तोच डबा ९५ च्या घरात जाणार. मग चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. पैसे पूर्ण वेगाचे दिलेत, मिळतो अर्धामुर्धा, वर बारीक पंख्याची किरकिर. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा हलवतो. उन्हाळा कडक, धूळ भरपूर, ग्राफिक्स कार्ड मोठं, अशी तिन्ही असतील तर मोठं कॅबिनेट घ्या.

दोन, ग्राफिक्स कार्ड हवंच आहे का? अभ्यास, कोडिंग, ऑफिसचं काम, साधं एडिटिंग, यासाठी आजचा सीपीयू एकटा पुरतो. मग मोठ्या डब्यात तुम्ही हवेला भाडं भरताय. छोटा घ्या, खुशाल घ्या. हॉस्टेल, पीजी, दर ११ महिन्यांनी बदलणारी भाड्याची खोली असेल तर तो वरदान आहे. गावाला जाताना पिशवीत घालून एसटीत मांडीवर ठेवता येतो.

तीन, बिघडलं तर? रात्री एसएमपीएस गेला आणि परवा सबमिशन असेल, तर नेहमीच्या मापाचा एसएमपीएस तालुक्याच्या गावातही मिळतो. एसएफएक्स बहुधा मागवावाच लागतो. मिनी-आयटीएक्स बोर्डही त्याच दर्जाच्या मोठ्या बोर्डपेक्षा सहसा महाग असतो आणि रॅमच्या जागा दोनच. लहानपणाची किंमत अशी तीन-चार ठिकाणी थोडी थोडी भरावी लागते.

चार, पुढच्या पाच वर्षांत तुम्ही काय कराल हे तुम्हाला आज नक्की माहीत आहे का? माहीत असेल तर लहान डबा. नसेल, आणि अठराव्या-विसाव्या वर्षी ते नसणंच बरं, तर थोडी मोकळी जागा ठेवा.

आणि दोन्हीच्या मधलं एक उत्तर आहे, ज्यावर कुणी चकाचक व्हिडिओ करत नाही: ‘मायक्रो-एटीएक्स’. १९९७ चा साचा, २४४ बाय २४४ मिलिमीटर. रॅमच्या जागा बहुधा चार, स्लॉट दोन-तीन, नेहमीचा एसएमपीएस बसणारी कॅबिनेट भरपूर आणि बोर्डच्या किमती साधारण सगळ्यात परवडणाऱ्या. मला कुणी डोळे झाकून उत्तर मागितलं तर मी हेच सांगतो.

शेवटचं एक. हा भाग तुम्ही ज्या फोनवर ऐकताय किंवा वाचताय, तो आजवरचा सगळ्यात लहान डबा. त्याला मोकळा स्लॉट नाही. मेमरी कार्डाची खाच होती, तीही बऱ्याच फोनमधून गेली. त्यात काय घडेल हे बनवणारा ठरवतो आणि आपण ते आनंदानं मान्य केलंय, कारण सोय मोठी आहे. पण घरात निदान एक यंत्र असं असावं, ज्याचे चार स्क्रू तुम्ही स्वतः काढू शकता आणि बनवणाऱ्याला न सुचलेलं काहीतरी आत बसवू शकता. ते सात लिटरचं असो की सत्तर लिटरचं.

तुमच्या खोलीचं माप, उन्हाळ्यातलं तापमान आणि बजेट आम्हाला लिहून पाठवा. निवडक पत्रं घेऊन पुढच्या भागात त्यावरच बोलू. तोवर मेमध्ये कॅबिनेटची जाळी एकदा साफ करा. भेटू!